डब्यातला पास्ता पाहुण्यांना वाढायचा असेल तर

बायको मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, भाजणी आणि गोडा मसाला घेऊन गेली. त्याची परतफेड म्हणून की काय, महिन्याभरात तिकडून पुण्याला येणाऱ्या एका कुटुंबाच्या बॅगेतून माझ्यासाठी पास्त्याचे आठ डबे आले. फोनवर ती म्हणाली, "अहो, काही करावं लागत नाही. उघडायचं, गरम करायचं, खायचं." एकोणचाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकाबद्दल तिनं मला दिलेला हा एकमेव चुकीचा सल्ला.

एकट्यानं खायचं असतं तर चाललंही असतं. पण आमचा टेकडीचा एक कंपू आहे. रोज सकाळी सहाला वेताळ टेकडी चढायची, खाणीपर्यंत जायचं, उतरून अमृततुल्यात चहा घ्यायचा. बायको गेल्यापासून यातल्या कोणाच्या ना कोणाच्या घरून मला भाजीचा डबा येत होता. दोन महिने फुकट जेवल्यावर डॉक्टर एकदा उतरताना म्हणाले, "आता तुमच्याकडे कधी?" मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मला वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या आणि ऑम्लेट येतं. कपाटात आठ डबे होते. म्हटलं, रविवारी या.

तर हे सगळं त्या रविवारचं, आणि त्याआधी वाया गेलेल्या एका डब्याचं.

पहिली गोष्ट, एक डबा तालमीसाठी खर्ची घाला. मी घातला म्हणून वाचलो. झाकण निघालं तरी आतला ऐवज बाहेर येईना. डबा उलटा करून बुडावर थाप मारली, तेव्हा सगळा दंडगोल एकदम घसरून पातेल्यात उभा राहिला. डब्याच्या पत्र्यावर असतात त्या वळ्या त्याच्या अंगावर जशाच्या तशा उमटलेल्या, रंग शेंदरी. मी मॅगीच्या सवयीनं कपभर पाणी घातलं, गॅस मोठा केला आणि पळीनं ढवळत बसलो. पाच मिनिटांत पातेल्यात खिमट. न्यू जर्सीतल्या नातवाला सहाव्या महिन्यानंतर चाललं असतं.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. हा पास्ता आधी थोडा शिजवलेला असतो. मग तो सॉससकट डब्यात भरून, डबा हवाबंद करून, वाफेच्या दाबाखाली पुन्हा शिजवतात. अशा फार आंबट नसलेल्या पदार्थांचे डबे साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात, कारण बोट्युलिझम नावाच्या विषबाधेला कारण असलेल्या जंतूंचे बीजाणू नुसत्या उकळण्यानं मरत नाहीत. आपला कुकर पूर्ण दाबावर असताना आत साधारण तेवढंच तापमान असतं. म्हणजे हा पास्ता कारखान्यातल्या मोठ्या कुकरमध्ये शिट्ट्या खाऊन आलेला आहे, आणि त्यानंतर वर्षभर सॉसमध्ये भिजत पडला आहे. त्याला आणखी शिजवायला काहीही उरलेलं नाही. इटालियन लोक पास्ता दाताला जरा लागला पाहिजे म्हणतात. तो मुद्दा इथे कायमचा सोडून द्यायचा.

खिमटाचं पातेलं समोर घेऊन बसलो असताना मला आमची आई करायची त्या वरणफळांची आठवण झाली. काही घरांत चकोल्या म्हणतात. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे, उकळत्या आंबट-गोड आमटीत सोडायचे, वर तूप. वरणफळं दाताला लागली तर आई म्हणायची, कच्ची राहिली. आपल्याकडे गव्हाचे असे प्रकार काही कमी नाहीत. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे, सगळे हातावर वळून वाळवायचे, रुखवतात मांडायचे आणि मग खिरीत मऊ शिजवायचे. ते मऊ झाले म्हणून कोणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. डब्यातल्या पास्त्याला इटलीच्या तराजूत तोललं तर तो नापास. वरणफळांच्या तराजूत तोललं तर काठावर का होईना, पास.

आणि वरणफळांबरोबर आपण काय करतो? पापड भाजतो. मऊ खिचडीला मिरगुंड, वरण-भाताला पोह्याचा पापड किंवा कुरडई. मऊ पदार्थाला मऊपणाबद्दल कोणी बोल लावत नाही, त्याला कुरकुरीत जोड देतात. पाहुण्यांसाठी पास्त्याचं जे काही करायचं ते एवढंच. त्याला हात कमी लावायचा, आणि जे त्याच्यात नाही ते बाहेरून आणायचं.

आता डबा उघडण्याआधीचं काम. हे कंटाळवाणं आहे आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

भिंग घ्या आणि लेबल वाचा. डब्याच्या पुढच्या बाजूला टोमॅटो आणि गुबगुबीत चौकोनी उशा यांचं चित्र असतं. त्या उशा म्हणजे राव्हिओली. उशीच्या आत काय आहे ते मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. माझ्या आठातल्या तीन डब्यांत बीफ होतं. मुलीनं दुकानात घाईनं ट्रॉलीत टाकले असणार. आपल्याकडच्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, पण बॅगेतून आलेल्या डब्यावर तो कुठून असणार? इथे दुकानात रीतसर विकायला असलेल्या परदेशी डब्यावर आयात करणाऱ्याचं वेगळं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर ठिपका सापडतो. पुण्यात असे डबे घ्यायचे तर कॅम्पातलं दोराबजी हे जुनं ठिकाण, हल्ली इतरही बऱ्याच ठिकाणी मिळतात. पण आमचे बँकवाले म्हणजे केकमध्ये अंडं आहे का, हे वाढदिवस असलेल्या पोरालाच विचारणारे. त्यांच्यासमोर अंदाजानं काही ठेवणं शक्य नव्हतं.

मांसाखेरीज आणखी दोन गोष्टी शोधा. चिकन किंवा बीफचा ब्रॉथ, म्हणजे मांसाचं पाणी, साध्या दिसणाऱ्या सॉसमध्येही असू शकतं. आणि चीज. पार्मेझानसारखं चीज परंपरेनं वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. लेबलवर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असेल तर ते कुठलं हे आपल्याला कळायला मार्ग नाही. मी बँकवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून जसं आहे तसं वाचून दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं विचार करून सांगितलं, "चीज चालेल, एवढं नका बघू." मी बघितलं म्हणून ते असं म्हणू शकले. मांसाचे तीन डबे वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मुलांना विचारून दिले. त्यांनी ते त्याच रात्री गरमसुद्धा न करता संपवले, असं नंतर कळलं.

तारीख वाचताना एक घोळ होतो. अमेरिकन डब्यावर महिना आधी आणि दिवस नंतर असतो. ०३/०८ म्हणजे तीन ऑगस्ट नाही, आठ मार्च. मी ऑगस्टपर्यंत वेळ आहे म्हणून निवांत बसणार होतो. सुदैवानं माझ्या डब्यांवर पुढच्या वर्षाचे आकडे होते.

डबा फुगलेला असेल, शिवणीवर चेपलेला असेल, गंजून पाझरला असेल किंवा उघडताना आतून फसकन काही उडालं, तर चव घेऊन बघायचीसुद्धा नाही, सरळ टाकून द्यायचा. बोट्युलिझमचं विष वासानं किंवा चवीनं ओळखू येईलच असं नाही. मधोमध जरासा पोचा आला असेल तर चालतं. माझ्या एका डब्याला सुटकेसमध्ये आला होता.

डबा उघडण्याबद्दल थोडं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं पक्कड-पेचकस हातात असल्यामुळे मला वाटलं, ओपनर कशाला हवा. पहिला डबा पेचकस आणि हातोडीनं फोडला, अंगठ्याला दोन टाके पडले असते ते थोडक्यात टळले. नंतर वाचलं की पूर्वी लोक असंच करायचे. पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० सालचं, आणि डबा उघडायच्या ओपनरचं पहिलं पेटंट १८५५ सालचं. मधली पंचेचाळीस वर्षं छिन्नी आणि हातोडी. तुळशीबागेत ओपनर मिळतो, घ्या. उघडण्याआधी डब्याचं डोकं साबणानं धुवा, कारण गोदाम, विमान, सुटकेस, सगळ्यांची धूळ त्या खाचेत बसलेली असते आणि ओपनर ती आत ढकलतो.

किती डबे लागतात? माझे डबे १५ औंसांचे, म्हणजे ४२५ ग्रॅमचे होते. लेबल म्हणतं एका डब्यात दोन जणांचं. आम्ही आठ जण, म्हणून चार डबे. हा हिशेब बरोबर निघाला, पण बरोबर भात होता म्हणून. भाताचं पुढे सांगतो.

आता प्रत्यक्ष कृती. डबे उलटे करून बुडावर थाप मारू नका. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं उभा ठेवा, सॉस सैल होतो. मग उघडून, डबा आडवा धरून, मोठ्या भोकांच्या रोळीत हळूहळू ओता आणि रोळीखाली पातेलं ठेवा. चमचा घालायचा नाही, रोळीलाच हलके हिसके द्यायचे. दहा मिनिटांत सॉस खाली, पास्ता वर. आता पास्ता मोकळा दिसतो. किमान पास्ता तरी दिसतो.

खाली उतरलेला सॉस चाखून बघा. तो गोड असतो. नुसता गोडसर नाही, चांगला गुळमट. त्यात साखर असते, कधी मक्याचं सिरप. पुण्यात आमटीत गूळ घालतात म्हणून आम्हाला उभा महाराष्ट्र हसतो, पण हा सॉस चाखून आमच्या प्रोफेसरबाईसुद्धा म्हणाल्या असत्या की जरा जास्तच झालं. याला इलाज फोडणीचा. कढईत तीन चमचे तेल, त्यात दहा-बारा लसूणपाकळ्या ठेचून, लालसर होऊ द्यायच्या. मग तीन पिकलेले आंबट टोमॅटो किसून घालायचे, तेल सुटेपर्यंत परतायचे, आणि मग डब्यातला सॉस. मंद आचेवर पंधरा मिनिटं आटवायचा. शेवटी चमचाभर व्हिनेगर किंवा अर्धं लिंबू.

ओरिगानो विकत आणायची गरज नाही. पुण्यातल्या प्रत्येक घरात एक खण असतो, ज्यात पिझ्झाबरोबर आलेल्या ओरिगानो आणि मिरचीच्या पुड्या साठलेल्या असतात. माझ्याकडे मोजून सत्तावीस निघाल्या, सगळ्यात जुनी छपाई पुसलेली. सहा वापरल्या. पुड्या नसतील तर चिमूटभर ओवा हातावर चुरडून घाला. ओव्यात जे थायमॉल असतं ते ओरिगानोतही थोडंफार असतं, त्यामुळे वास अगदीच परका वाटत नाही. चिमूटभरच मात्र. जास्त झाला तर पाहुणे विचारतात, पोट बिघडलंय का कोणाचं?

मीठ अजिबात घालायचं नाही. माझ्या डब्यावर एका वाढपाला सातशे मिलिग्रॅमच्या वर सोडियम लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मिठाच्या आत. वर चीज येणार, त्यातही मीठ. आमच्या कंपूत आठातल्या पाच जणांना रक्तदाबाची गोळी आहे आणि सहावे डॉक्टर आहेत.

भाज्या वेगळ्या करायच्या आणि त्या कच्चट ठेवायच्या. दोन ढोबळ्या मिरच्या, दोन कांदे, एक गाजर, वाटीभर मक्याचे दाणे, सगळं मोठ्या गॅसवर तीन-चार मिनिटं. कांदा गळायच्या आत उतरवायचं. एरवी आपण भाजी शिजली का बघतो, इथे शिजली नाही ना ते बघायचं, कारण दातांना काम देणारं या पदार्थात दुसरं काही नाही.

मग जुळणी. काचेच्या भांड्याला लोण्याचा हात लावायचा, तळाला सॉस, त्यावर भाज्या, त्यावर पास्ता उलथन्यानं अलगद पसरायचा, पुन्हा सॉस. ढवळायचं नाही. बिर्याणीचे थर लावतो तसं.

वरच्या थरावर माझा बराच विचार झाला आहे. नुसतं अमूलचं चीज किसून घातलं तर चव छान येते, पण ते ताणत नाही आणि त्याला डागही नीट पडत नाहीत. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये जे क्षार घालतात त्यामुळे ते फुटत नाही, गुळगुळीत वितळतं. सॅंडविचला तेच हवं असतं, इथे नको. नुसतं मोझरेला घातलं तर तार येते पण चव बेताची. दोन्ही अर्धं-अर्धं घ्या. आणि त्यावर, हे विसरू नका, टोस्टचा चुरा. बेकरीतले जाड टोस्ट, चहात बुडवतो ते, साधे, वेलचीचे नव्हेत. खलबत्त्यात जाडसर कुटायचे, मिक्सरमध्ये पीठ होतं. दोन चमचे लोण्यात चुरा चोळून घ्यायचा आणि चीजवर भुरभुरायचा. हाच आपला पापड.

माझा ओव्हन मुलीनं दिलेला आहे आणि इतर घरांतल्या ओव्हनप्रमाणे त्याचा उपयोग तवे आणि पापडाचे डबे ठेवायला होत होता. तो रिकामा करायला वीस मिनिटं धरा. मग २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून, भांडं वीस ते पंचवीस मिनिटं आत. कडेनं सॉसचे बुडबुडे यायला लागले आणि चुरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा झाला की काढायचं. लगेच वाढू नका. दहा मिनिटं ओट्यावर राहू दे, नाहीतर पहिल्या वाढपाला सगळे थर घसरतात.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, खाली तवा, वर झाकण, अगदी मंद आच, पंधरा मिनिटं. चीज वितळतं पण वरून रंग येत नाही आणि झाकणाच्या वाफेनं चुरा लिबलिबीत होतो. म्हणून चुरा वेगळा, लोण्यात कढल्यात परतून ठेवायचा आणि टेबलावर ठेवतानाच वर घालायचा. खरं सांगायचं तर हा चुरा जास्त कुरकुरीत लागतो. मी दुसरं भांडं असंच केलं, कारण ओव्हनमध्ये एका वेळी एकच मावत होतं.

बरोबर काय? पावाचे तुकडे लसणीच्या लोण्यात भाजून ठेवा, लादीपावच बरा. खमंग काकडी करा, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घातलेली, थंडगार. गोड मी केलं नाही, श्रीखंड विकत आणलं. आणि भात. मराठी माणूस कितीही पास्ता खाऊ दे, शेवटी त्याची नजर भात शोधते. बोलत नाही, पण पाण्याचा पेला फिरवत बसतो. मी दुपारीच मऊ दहीभात कालवून, वर मोहरी, हिंग, उडदाची डाळ आणि सुक्या मिरचीची फोडणी घालून ठेवला होता. चार डबे आठ जणांना पुरले त्याचं श्रेय या दहीभाताला.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. डब्यातला आहे हे सांगायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे, वाढायच्या आधी सांगायचं. एकतर आतला माल आपण केलेला नाही, त्यात काय काय आहे ते खाणाऱ्याला कळलं पाहिजे. दुसरं, न सांगता वाढलं आणि कोणी कौतुक करून कृती विचारली तर जेवणभर खोटं बोलत बसावं लागतं, आणि माझी तेवढी तयारी नसते. मी चारही रिकामे डबे धुऊन, लेबलं तशीच ठेवून, टेबलाच्या कडेला मांडले आणि शेजारी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं:

"पास्ता डब्यातला आहे. मीठ आत आहे, वरून घेऊ नये. कांदा-लसूण आहे. भात नंतर आहे."

पाटी वाचून ब्रिगेडियरसाहेब एवढे खूश झाले की त्यांनी तिचा फोटो काढला. ते म्हणाले, पोस्टिंगवर असताना डब्यातलंच खायचो, कोणी पाटी लावून वाढलं नव्हतं. मग मला माझं वाचन दाखवायची संधी मिळाली. मुळात अन्न असं टिकवून ठेवण्याची युक्ती फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्यानं काढली, आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारनं त्याला १२००० फ्रँकचं बक्षीस दिलं. त्यात सैन्य आणि आरमार यांच्या पोटाचाच विचार होता. आपेर काचेच्या बाटल्या वापरायचा, पत्रा नंतर आला. आणि अमेरिकेत पास्ता डब्यात घालून घराघरांत पोहोचवणारा माणूस खरा इटालियन आचारी होता. एत्तोरे बोयार्दी, जन्म १८९७, पिआचेन्झाचा, १९१४ मध्ये अमेरिकेत गेला. क्लीव्हलंडला त्याचं उपाहारगृह होतं. गिऱ्हाइकं घरी न्यायला सॉस मागायची, तेव्हा तो दुधाच्या बाटल्यांत भरून द्यायचा. त्यातून कारखाना निघाला. अमेरिकनांना आडनाव उच्चारता येईना म्हणून डब्यावर ते उच्चाराप्रमाणे फोडून लिहिलं, 'बॉय-आर-डी'. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कारखान्यातून सैन्याला शिधा जायचा. माझे डबे त्यांचे नव्हते, कुणाचे होते ते राहू दे. सॉसबद्दल मी वर बरंच बोललो आहे.

प्रोफेसरबाईंनी यात भर घातली. इंग्लंडमध्ये बीबीसीनं १९५७ च्या एक एप्रिलला स्वित्झर्लंडमध्ये झाडावरून स्पॅगेटीचं पीक काढतानाचा कार्यक्रम दाखवला आणि बऱ्याच लोकांना तो खरा वाटला. तेव्हा तिथल्या बहुतेकांना स्पॅगेटी माहीत होती ती टोमॅटो सॉसच्या डब्यातलीच, मग झाडाला येत नाही हे कशावरून? हे ऐकून बँकवाले इतका वेळ हसले की त्यांचा पास्ता निवला. निवलेला हा पास्ता चिकट होतो, तेव्हा गोष्टी जेवणानंतर सांगितलेल्या बऱ्या.

चव कशी झाली? प्रोफेसरबाईंच्या आई आल्या होत्या, वय शहाऐंशी, कवळी. त्यांनी तीन वेळा घेतला. म्हणाल्या, हल्ली लेकीनं केलेला पास्ता चावत नाही, हा छान वरणफळांसारखा झालाय. मी वरणफळांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. डॉक्टरांनी एकदाच घेतला, वरचा कुरकुरीत थर मात्र खरवडून नेला. ब्रिगेडियर म्हणाले, सॉस चांगला आहे, पास्ता नसता तरी चाललं असतं. ही त्यांची तारीफ करायची पद्धत आहे, असं मी धरून चालतो.

चूक एकच झाली, पण ती लागली. श्रावण चालू होता, आणि बँकवाल्यांच्या वहिनी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत हे मला ठाऊक असायला हवं होतं. बँकवाल्यांना चीजचं विचारलं, वहिनींना काहीच विचारलं नाही. डब्यातच कांदा-लसणाची पूड असते, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळं काढणंही शक्य नव्हतं. त्या पाटी वाचून शांतपणे दहीभात, खमंग काकडी आणि श्रीखंड जेवल्या. "मला हेच आवडतं हो," म्हणाल्या. या वहिनींनी दोन महिने दर मंगळवारी मला भाजी पाठवली होती. तुम्ही फोन करताना घरातल्या प्रत्येकाचं विचारा, आणि शक्यतो ज्या बाईचं खाल्लंय तिचं आधी.

उरलेलं डब्यात परत भरून फ्रिजमध्ये ठेवू नका. उघडलेल्या डब्यात पदार्थाला पत्र्याची चव येते. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढा, दोन दिवसांत संपवा. माझ्याकडे वाटीभर उरला होता. सकाळी तो काट्यानं मोडून, त्यात उरलेला टोस्टचा चुरा आणि एक उकडलेला बटाटा घालून, तव्यावर थोड्या तेलात टिक्क्या भाजल्या. बाहेरून खरपूस, आतून अर्थातच मऊ. त्या डब्यात घालून टेकडीवर नेल्या. आदल्या रात्रीपेक्षा जास्त मागणी आली, हे इथे नोंदवून ठेवतो. कदाचित पास्ता थेट टिक्क्याच करून वाढावा. पुढच्या खेपेला बायको येताना डबे आणणार आहे, तेव्हा बघू.

रिकामे डबे फेकू नका. तळाला खिळ्यानं तीन-चार भोकं पाडली की कोथिंबीर किंवा पुदिना लावायला चांगले, फक्त काठ पक्कडीनं आत वळवून घ्या. मी दोन ठेवले. उरलेले दोन धुऊन सुक्या कचऱ्यात दिले. झाकणं मात्र डब्यात नुसती टाकू नका. त्यांची कड ब्लेडसारखी असते, आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई तो हातानं वेगळा करतात. चारही झाकणं एकावर एक ठेवून, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून, दोरा बांधून, वर पेनानं 'पत्रा' असं लिहून त्यांच्या हातात द्यायची.